क्याख्ताचा इतिहास वाचायचा कसा: नकाशा, तारखा, चहाच्या पेट्या आणि नेहमीच्या चुका

क्याख्ता हे रशियाच्या बुर्यातिया प्रजासत्ताकातलं, मंगोलियाच्या सीमेला खेटून असलेलं लहानसं गाव. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रशियात कायदेशीर मार्गाने येणारा जवळजवळ सगळा चहा या गावातून आत यायचा. या गावाबद्दल वाचायला घेतलं की पहिल्या दोन तासांतच गोंधळ उडतो. एकाच गावाला तीन नावं, एकाच कराराला दोन वर्षं, आणि आकडे एकमेकांशी जुळता जुळत नाहीत. हा गोंधळ टाळून क्याख्तावर लेख, टिपण किंवा व्याख्यान तयार करायचं असेल, तर कोणत्या क्रमाने जायचं ते पुढे दिलं आहे.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच पक्की करा. हे गाव बाजारामुळे वसलं नाही, करारातल्या कलमामुळे वसलं. इथे ना बंदर, ना खाण, ना धड नदी. सेलेंगा नदी बऱ्याच अंतरावर, आणि गावाला नाव देणारा क्याख्ता ओढा इतका बारीक की कोरड्या दिवसांत तो शोधावा लागतो. वाळूतल्या या गावाला रशियन लोक ‘वाळूतलं व्हेनिस’ म्हणायचे. त्यात कौतुक होतं तसा टोमणाही होता. तेव्हा कोणताही कागद हातात आला की पहिला प्रश्न एकच: त्या वर्षी कोणता नियम लागू होता?

कागदावर तीन ठिपके काढा

उत्तरेचा ठिपका म्हणजे त्रोइत्स्कोसाव्स्क. १७२७ मध्ये उभारलेला किल्ला, त्याभोवतीचं गाव, कचेऱ्या, शिपाई, सामान्य रहिवासी. त्याच्या दक्षिणेला साधारण चार किलोमीटरवर दुसरा ठिपका, क्याख्ता स्लोबोदा. स्लोबोदा म्हणजे आपल्याकडची पेठ म्हणा. इथे व्यापारी, त्यांचे कारकून आणि गोदामं. पेठेच्या खाली थोडी मोकळी पट्टी, आणि पट्टीपलीकडे तिसरा ठिपका, मायमायचेंग. चिनी भाषेत याचा अर्थ ‘खरेदी-विक्रीचं गाव’. तिथे मुख्यतः शान्शी प्रांतातले व्यापारी राहायचे आणि चीनच्या चिंग राजघराण्याच्या दरबाराचा एक अधिकारी त्यांच्यावर नजर ठेवायचा. तिथे बायकांना राहायला बंदी होती, त्यामुळे ते सगळं गाव पुरुषांचंच.

१९२१ च्या धुमश्चक्रीत मायमायचेंग नष्ट झालं. आज त्या जागी मंगोलियाचं अल्तानबुलाग आहे. वरचे दोन ठिपके १९३४ मध्ये एकत्र करून त्यांना क्याख्ता हे नाव मिळालं. म्हणजे १९३४ च्या आधीच्या मजकुरात ‘क्याख्ता’ आलं तर बहुधा फक्त पेठ समजायची, आणि नंतरच्या मजकुरात अख्खं गाव.

इथे तीन चुका ठरलेल्या. पहिली, पेठेची आणि त्रोइत्स्कोसाव्स्कची लोकसंख्या एकच धरणं. पेठेत थोडी माणसं आणि अफाट पैसा, वर किल्ल्याच्या गावात माणसं जास्त आणि पैसा बेताचा. ‘लक्षाधीशांचं गाव’ हे बिरुद पेठेचं आहे. दुसरी, मायमायचेंग एकच होतं असं मानणं. उर्गा, म्हणजे आजच्या उलानबाटरजवळही एक मायमायचेंग होतं, आणि प्रवासवर्णनांत ही दोन सर्रास मिसळतात. वाक्यात बौद्ध मठ आणि तूला नदी आली तर ते उर्गाचं. तिसरी चूक चिनी साधनांच्या भाषांतरात होते. त्यांत क्याख्ताचं चिनी रूप पुष्कळदा सीमेच्या चिनी बाजूच्या वस्तीसाठी, म्हणजे मायमायचेंगसाठी, वापरलेलं असतं.

इंग्रजी साधनं शोधताना दोन्ही स्पेलिंगं वापरून पाहा. जुन्या पुस्तकांत ‘के’नंतर ‘आय’ येतो, अलीकडच्या लेखनात ‘वाय’. एकाच स्पेलिंगवर अडून राहिलात तर एकोणिसाव्या शतकातली निम्मी प्रवासवर्णनं तुम्हाला सापडणारच नाहीत.

तारीख लिहिण्याआधी पंचांग विचारा

रशियात १९१८ पर्यंत जुनं ज्युलियन पंचांग चालायचं. आजच्या तारखेसाठी अठराव्या शतकात ११ दिवस मिळवायचे, एकोणिसाव्या शतकात १२, विसाव्यात १३. सीमारेषा ठरवणारा बुराचा करार जुन्या पंचांगाप्रमाणे २० ऑगस्ट १७२७ चा, आजच्या हिशोबाने ३१ ऑगस्टचा. क्याख्ताच्या कराराला कुणी १७२७ लावतं, कुणी १७२८. दोन्ही बरोबर आहेत: मसुद्यावर सह्या १७२७ च्या शरदात झाल्या, पण मंजूर प्रतींची अदलाबदल जून १७२८ मध्ये झाली. लिहिताना ‘१७२७ मध्ये ठरलेला, १७२८ मध्ये अमलात आलेला’ असं लिहा, वाद मिटतो. रशियाच्या बाजूने बोलणी करणारे साव्वा रागुझिन्स्की-व्लादिस्लाविच मूळचे अॅड्रियाटिक किनाऱ्याकडचे सर्ब व्यापारी. त्रोइत्स्कोसाव्स्क या नावातला ‘साव’ त्यांच्या नावाची आठवण करून देतो.

‘क्याख्ता करार’ एवढंच लिहून सोडू नका. १७२७-२८ चा मूळ करार, १७६८ चं पुरवणी कलम, १७९२ चा समझोता आणि १९१५ चा रशिया-चीन-मंगोलिया त्रिपक्षीय करार, हे सगळेच या गावाच्या नावाने ओळखले जातात. मंगोलियाच्या स्वायत्ततेबद्दल वाचत असाल तर तो १९१५ चा.

नियमांची चिठ्ठी

पुढच्या ओळी एका चिठ्ठीवर उतरवा आणि वाचताना शेजारी ठेवा.

१७२७-२८: सीमेवर दोन ठिकाणी व्यापाराला परवानगी, क्याख्ता आणि पूर्वेकडे त्सुरुखाइतू. (त्सुरुखाइतू कधी भरभराटलंच नाही.) शिवाय दर तीन वर्षांनी २०० माणसांचा एक सरकारी काफिला थेट पेकिंगला, म्हणजे आजच्या बीजिंगला.
१७५५: शेवटचा सरकारी काफिला.
१७६२: रशियाची सम्राज्ञी कॅथरिन दुसरी हिने फरच्या व्यापारावरची सरकारी मक्तेदारी उठवली.
१७६२-६८, १७७८-८०, १७८५-९२: चीनकडून व्यापार बंद.
१८००: क्याख्ताच्या व्यापाराचे नियम. फक्त मालाच्या बदल्यात माल, रोख नाही, उधारी नाही.
१८५५: रोखीच्या व्यापाराला मुभा.
१८६०: पेकिंगचा करार, रशियन व्यापाऱ्यांना चीनमध्ये आत शिरायची वाट मोकळी.
१८६२: समुद्रमार्गे आलेला चहा रशियाच्या पश्चिम सीमेवरून आणायला परवानगी. याच सुमाराला जकात कचेरी क्याख्ताहून इर्कुत्स्कला हलली.
१९०३: मांचुरियातून जाणारी रेल्वे सुरू.

बंदीच्या तीन काळांकडे नीट लक्ष द्या. त्यांतला शेवटचा सात वर्षांचा. कारण दरवेळी व्यापाराचं नसायचं. सीमेपलीकडे पळालेली माणसं, गुरांची चोरी, लुटारूंना कोणी शिक्षा करायची यावरून बिनसायचं आणि पेठ ओस पडायची. कुठल्याही आलेखात १७८५ नंतर रेघ शून्याला टेकली असेल तर मागणी का घटली याचा शोध घेऊ नका. फाटक बंद होतं, एवढंच.

मापं आणि पैसे

एक फुंट म्हणजे ४०९.५ ग्रॅम. ४० फुंटांचा एक पूद, म्हणजे १६.३८ किलो. एक वर्स्त म्हणजे १.०६७ किलोमीटर. अनुवादक बरेचदा फुंटाचं सरळ ‘पाउंड’ करून टाकतात. इंग्रजी पाउंड ४५३.६ ग्रॅमचा, त्यामुळे आकडा सुमारे अकरा टक्क्यांनी फुगतो. एका पेटीत हे जाणवत नाही, वर्षाच्या आयातीत जाणवतं.

पैशांचा खड्डा याहून खोल. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोन रूबल चालायचे, कागदी असिग्नात आणि चांदीचा. १८३९ च्या सुधारणेत साडेतीन कागदी रूबलांना एक चांदीचा रूबल हा दर ठरला. १८३० सालचा आकडा कागदी आणि १८४५ सालचा चांदीचा असेल आणि दोन्ही शेजारी ठेवले, तर व्यापार कोसळल्यासारखा दिसतो. आकड्यापुढे कोणता रूबल ते लिहिलेलं नसेल तर तो आकडा वापरू नका.

एका पेटीचा माग काढा

क्याख्ता समजून घ्यायची सगळ्यात चांगली रीत म्हणजे चहाची एक पेटी धरायची आणि तिच्या मागे चालत जायचं.

पेटी फुजिआनच्या वूयी डोंगराळ भागात भरते. लाकडी खोका, आत शिशाचा पातळ पत्रा, त्यात सुटा चहा. रशियनमध्ये सुट्या पत्तीच्या चहाला बाइखोवी म्हणतात; मूळ चिनी शब्दाचा अर्थ कोवळ्या कळीवरची पांढरी लव. नदीमार्गाने आणि खांद्यावरून वाहत पेटी उत्तरेकडे येते आणि चीनच्या भिंतीजवळच्या कलगानला पोचते. तिथून गोबी वाळवंट सुरू. उंट उन्हाळाभर चरून लठ्ठ झालेले असतात, म्हणून मोठे तांडे शरद ऋतूत निघतात आणि हिवाळाभर चालतात. १८७० मध्ये क्याख्ताहूनच निघालेला संशोधक निकोलाई प्रझेवाल्स्की याने एका उंटावर चार पेट्या, म्हणजे सुमारे १२ पूद, असा हिशोब नोंदवला आहे. शंभर उंटांचा तांडा म्हणजे ४०० पेट्या, १,२०० पूद, साडेएकोणीस टनांपेक्षा थोडं जास्त. हे वजन बांधणीसकट आहे. नुसती पत्ती मोजायची असेल तर खोका, शिसं आणि आवरण वजा करायला विसरू नका.

उर्गामार्गे पेटी मायमायचेंगला आणि तिथून पट्टी ओलांडून क्याख्ताच्या गोस्तिनी द्वोरमध्ये, म्हणजे मोठ्या चौकोनी व्यापारी वाड्यात, येते. तिथे तिची परीक्षा होते. टोकदार पन्हाळी पेटीत खुपसून आतली पत्ती बाहेर काढायची, वास घ्यायचा, पाण्यात घालून पाहायची. वरच्या थरात चांगली पत्ती आणि तळाशी भुसा, ही लबाडी जुनी. म्हणून पन्हाळी खोलवर घालायची.

यानंतरचं काम खास क्याख्ताचं. पेटी कच्च्या कातड्यात शिवायची, केस आतल्या बाजूला. कातडं ओलं असताना ताणून शिवतात, वाळलं की ते आकसतं आणि पेटीला आवळून बसतं. या कामावर पोट असलेल्या कामगारांची वेगळी टोळी होती. कातडं सैल राहिलं तर हजारो किलोमीटरच्या धक्क्यांनी टाके उसवायचे. ओल धरलेलं कातडं घाईने रवाना केलं तर वास पत्तीत उतरायचा. केस आत ठेवण्याचं कारण साधं आहे, खोक्याच्या कडा घासून आतून कातडं फाटू नये.

पुढचा रस्ता हिवाळ्यात घसरगाड्यांवरून: गोठलेल्या बैकाल सरोवरावरून इर्कुत्स्क, मग तोम्स्क, तिथून फेब्रुवारीत भरणाऱ्या इर्बितच्या जत्रेला. जे तिथे खपलं नाही ते उन्हाळ्यात निझ्नी नोवगोरोदच्या जत्रेला. क्याख्ता ते मॉस्को सुमारे सहा हजार किलोमीटर. सायबेरियाच्या राजमार्गावर चालत्या गाडीवरची पेटी कापून पळवणाऱ्या चोरांना वेगळं नावच होतं: ‘चायरेझ’, चहा कापणारे. ते आवळून शिवलेलं कातडं पावसाइतकंच यांच्यासाठीही होतं.

जाता जाता एक गोष्ट. ‘रशियन कॅरॅव्हॅन’ नावाने विकल्या जाणाऱ्या धुरकट चहाच्या पुड्यावर हमखास लिहिलेलं असतं की तांड्यांच्या शेकोटीचा धूर पत्तीत मुरला. शिशात बंद करून लाकडात घातलेल्या, कातड्यात शिवलेल्या पत्तीत शेकोटीचा धूर शिरणार कुठून? असल्या चहाची धुरकट चव पाइनच्या लाकडाच्या धुरावर पत्ती वाळवल्यामुळे येते. ही गोष्ट तुमच्या लेखात येऊ देऊ नका.

मालाला माल: इथे आकडे फसवतात

१८५५ पर्यंत रोख चालत नव्हती, म्हणून किंमत दुसऱ्या एखाद्या मालात सांगायची. अठराव्या शतकात हे माप म्हणजे किताइका, चीनमधून येणारं सुती कापड. पुढे चहाने ती जागा घेतली. रशियाकडून आधी फर जायची. त्यात सायबेरियन खारींची कातडी ढिगाने असायची. १७९९ मध्ये स्थापन झालेली रशियन-अमेरिकन कंपनी अलास्काकडची समुद्री ऊदमांजरांची फर ओखोत्स्कमार्गे इथे आणायची, कारण चीनचं कँटन बंदर रशियनांना बंद होतं. नंतर फर मागे पडली आणि लोकरी कापड व सुती मखमल पुढे आली.

हिशोब वाचताना तीन खबरदाऱ्या घ्या.

कागदपत्रांत आयात आणि निर्यात अनेक वर्षं सारखीच दिसते. त्यावरून व्यापार समतोल होता असा निष्कर्ष काढायचा नाही. नियमच असा होता की दोन्ही रकाने जुळले पाहिजेत, म्हणून ते जुळवले जायचे.

कापडाची किंमत खरी धरू नका. रशियन व्यापारी कापड मॉस्कोच्या खर्चापेक्षाही स्वस्तात द्यायचे आणि तोटा चहाच्या भावात भरून काढायचे. चहा मिळवण्यासाठी कापड हे निमित्त होतं. एकट्या कापडाचा ताळेबंद मांडला तर हे सगळे व्यापारी वेडे वाटतील.

नाण्यांवर बंदी होती, चांदीच्या वस्तूंवर नव्हती, अशी वेळ पुढे आली. १८५० च्या दशकात ताइपिंग बंडाने चीनमधले चहाचे रस्ते विस्कटले, पलीकडचे व्यापारी चांदी मागू लागले. १८५४ मध्ये घडवलेल्या चांदीच्या वस्तू देण्याची थोडी मुभा मिळाली आणि लगेच ओबडधोबड भांडी, मेणबत्तीची घरं असला माल दिसू लागला. पलीकडे गेल्यावर तो वितळायचाच होता. तेव्हा यादीत ‘चांदीची भांडी’ दिसली तर ती कलावस्तू समजू नका.

भाव ठरवायला रशियन बाजूचे व्यापारी आपल्यातून प्रतिनिधी निवडायचे आणि ठरलेल्या भावाखाली विकणाऱ्याला दंड व्हायचा. चिनी बाजूलाही तशीच शिस्त होती: गरज दाखवायची नाही, एकमेकांत ठरवून बोलायचं. बोलणं चालायचं क्याख्ताच्या खास मिश्र बोलीत: शब्द रशियन, वाक्यरचना चिनी. ‘मी’च्या जागी ‘माझं’ या अर्थाचा ‘मोया’ हा शब्द. चिनी व्यापाऱ्याला इथे येण्याआधी ही बोली शिकून यावं लागायचं. रशियनांना चिनी शिकवायला मात्र १८३० च्या दशकात इयाकिन्फ बिचूरिन या चीनविद्येच्या अभ्यासक भिक्षूने पेठेत शाळा काढली.

रेवाचिनीकडे दुर्लक्ष नको

चहाच्या झगमगाटात रेवाचिनी राहून जाते. आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात मिळते तीच. ‘चिनी’ नावातच आहे. अठराव्या शतकात युरोपात पोट साफ करणाऱ्या या मुळाला प्रचंड मागणी होती आणि रशियन सरकारने तिच्यावर मक्ता बसवला होता. बुखाराचे व्यापारी ती क्याख्ताला आणायचे. सरकारी औषधतज्ज्ञ एकेक तुकडा सोलून, भोक पाडून आतला रंग आणि किडका भाग पाहायचा. नापास झालेला माल परत द्यायचा नाही, तर जाळून टाकायचा. कारण परत दिला की तोच माल दुसऱ्या वाटेने युरोपात जाऊन रशियन मालाचं नाव खराब करणार. याच कडकपणामुळे ‘रशियन रेवाचिनी’ सर्वोत्तम मानली गेली, जरी तिचं एकही मूळ रशियात उगवलेलं नव्हतं.

ऱ्हासाचं कारण लिहिताना

‘१८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला आणि क्याख्ता संपलं’ हे वाक्य इतक्या ठिकाणी सापडतं की खरंच वाटायला लागतं. चिठ्ठी पाहा. पहिला घाव १८६२ चा, समुद्राने आलेल्या चहाला दार उघडण्याचा. त्याच दशकात रशियन व्यापाऱ्यांनी चीनमधल्या हांकोऊला स्वतःचे विटेच्या चहाचे कारखाने काढले. सुएझने समुद्रमार्ग आणखी स्वस्त केला. तरीही क्याख्तावरून जाणारा माल लगेच आटला नाही. दाबून विटेसारखा केलेला चहा सायबेरिया आणि मंगोलियात खपत राहिला. तिकडे ती वीट नाण्यासारखीही चालायची. बदललं ते व्यापाऱ्याचं काम: सौदा करणारा आता माल पुढे रवाना करणारा आडत्या झाला. खरा शेवट केला रेल्वेने. गावातून ती गेलीच नाही. नंतर मंगोलियाकडे जाणारी लोहमार्गाची शाखाही जवळच्या नाउश्की स्थानकावरून गेली.

ऱ्हासाच्या गडबडीत गावाची दुसरी बाजू विसरू नका. १८६२ मध्ये इथे बैकालपलीकडच्या प्रदेशातलं पहिलं वर्तमानपत्र निघालं. व्यापारी दर पेटीमागे स्वखुशीने ठरवलेली एक रक्कम बाजूला काढायचे आणि त्यातून गावाचा खर्च भागायचा. मार्च १९२१ मध्ये मंगोलियाच्या क्रांतिकारक पक्षाचं पहिलं अधिवेशन त्रोइत्स्कोसाव्स्कला भरलं आणि १८ मार्चला मंगोल क्रांतिकारक सेनापती सुखबातर याच्या तुकड्यांनी मायमायचेंग घेतलं.

प्रत्यक्ष पाहायला गेलात तर

उलान-उदेहून दक्षिणेला रस्त्याने साधारण २३० किलोमीटर. रेल्वेने आलात तर नाउश्कीला उतरून पुढे गाडी करावी लागते. सीमाभाग असल्यामुळे पासपोर्ट जवळ ठेवा आणि ठाण्याचे, कुंपणाचे फोटो काढू नका.

आधी ओब्रुचेव्ह संग्रहालयात जा. ते १८९० चं आहे, आणि मंगोलियाकडे निघालेल्या मोहिमांचा धागा तिथे नीट हाती लागतो. मग वरच्या गावातलं त्रिमूर्ती कॅथीड्रल, १८१० च्या दशकातलं, बराच काळ भग्नावस्थेत राहिलेलं. त्यानंतर चार किलोमीटर खाली पेठेत उतरा. हे अंतर चालत गेलात तर नकाशावरचे दोन ठिपके डोक्यात कायमचे वेगळे होतात. खाली सीमेलगत १८३० च्या दशकात बांधलेलं पुनरुत्थान चर्च आहे. त्याच्या आतल्या वेदीपुढच्या पडद्याला स्फटिकाचे खांब आणि चांदीची दारं होती. आज ते खांब तिथे नाहीत, म्हणून आत शिरण्याआधी संग्रहालयातली जुनी छायाचित्रं पाहून ठेवा. चर्चजवळच गोस्तिनी द्वोरचे अवशेष आहेत. भिंती पाहताना चौकाच्या आतल्या अंगणाची रुंदी पावलांनी मोजा. कातड्यात शिवलेल्या पेट्यांचे ढीग याच अंगणात घसरगाड्यांची वाट पाहत पडलेले असायचे.